गारा हाय, झडते आपोआप

मी चोवीस वर्षं फौजेत होतो. त्यातली एकवीस वर्षं मी गाडी चालवली. आमच्या गावच्या, जानेफळच्या स्टँडवर हे सांगितलं की लोकांचा चेहरा उतरतो. त्यांच्या मते फौजी म्हणजे बंदूक, आणि बंदूक असली म्हणजे किती दुश्मन मारले ते सांगा. मी सांगतो, एकही नाही, मी रेशन पोचवलं. मग चहावाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. रेशन आणि केरोसीन वर पोचलं नाही तर पोस्टवरचा जवान बंदुकीचं काय लोणचं घालणार, हा विचार या लोकांच्या डोक्याला कधी शिवत नाही.

आज मी टायरच्या आवाजाबद्दल लिहितो आहे. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. पुढे हसायची सोय नाही.

माझं एक पोस्टिंग उत्तरेतल्या एका डोंगरी सेक्टरला होतं. नाव लिहीत नाही, लिहायची गरज नाही. ट्रान्सपोर्ट प्लाटून होती. खालच्या डेपोतून माल भरायचा, बर्फ पडायच्या आत वर पोचवायचा, रिकामी गाडी खाली आणायची. दिवस ठरलेला असे. साडेचारला उठणं. पाचला फर्स्ट परेड, म्हणजे निघण्याआधी गाडीची तपासणी. वाटेत थांबलो की हॉल्ट परेड. परत आलो की लास्ट परेड, मग चहा. आधी गाडीला हात लावायचा, नंतर चहाच्या मगाला. हा क्रम मोडला की सुभेदार साहेब चहाचा मग उपडा करायचे.

आमचे एमटी, म्हणजे मोटार ट्रान्सपोर्टचे, सुभेदार साहेब गढवालचे. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, आणि उजव्या कानानं कमी ऐकायचे. सगळी उमर इंजिनापाशी गेल्यावर दुसरं काय होणार. पण डावा कान असा होता की गाडी गेटातून आत येतानाच ते सांगत, "पीछे दाहिना, अंदर वाला. पत्थर निकालो." आम्ही वाकून पाहायचो. मागच्या जोडचाकाच्या फटीत दगड अडकलेला असायचाच.

त्यांनी प्लाटूनला एक सवय लावली होती. ती कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. गाडी निघाली की पहिला किलोमीटर दोन्ही काचा खाली आणि तोंड बंद. उणे दहा असो की पाऊस असो. उजवीकडचं ड्रायव्हरनं ऐकायचं, डावीकडचं को-ड्रायव्हरनं. किलोमीटर संपला की को-ड्रायव्हर म्हणणार, "लेफ्ट ओके." ड्रायव्हर म्हणणार, "राइट ओके." मग काच वर करा, बिडी काढा, काय गायचं ते गा. हॉल्टनंतर निघालं की पुन्हा तेच. नवा पोरगा सुरुवातीला हसायचा. सुभेदार साहेब त्याला तीन दिवस टायर धुवायला लावायचे, मग त्याचं हसू जायचं.

टायर मुका नसतो. तो सगळं सांगतो. टिक-टिक असा आवाज, गाडीबरोबर वाढणारा आणि गाडीबरोबर कमी होणारा, म्हणजे खडा नाहीतर खिळा. उतरून पाहायचं. खिळा असेल तर त्यावर थुंकी लावायची. बुडबुडा आला तर हवा जाते आहे. तो खिळा रस्त्यात उपटायचा नाही, हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जायचं किंवा चाक बदलायचं. वळणावर चीं-चीं म्हणजे हवा कमी, नाहीतर चाकांची रेषा बिघडलेली. वेग वाढला की घुंई वाढते, तेव्हा दोन चोर असतात, टायर आणि बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे करायचं. आवाज बदलला तर बहुधा बेअरिंग. डांबर बदललं की आवाज बदलला तर टायर. आणि थप-थप म्हणजे टायरवर काहीतरी उंच आहे. एकतर त्याला बाहेरून काही चिकटलं आहे, नाहीतर तो आतून फाटतो आहे आणि त्याला फुगा आला आहे.

हे मी गावात किमान चाळीस लोकांना सांगितलं असेल. फायदा शून्य. आमच्याकडे माणूस दहा लाखांची गाडी घेतो, चारही चाकांखाली लिंबू ठेवून चिरडतो, बंपरला काळी दोरी बांधतो, आणि पुढची चार वर्षं त्या चाकाकडे ढुंकून पाहत नाही. आवाज आला की गाण्याचा आवाज वाढवतो. एक मास्तर आहेत, नाव घेत नाही, शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या गाडीची घुंई मेहकरच्या फाट्यावरून ऐकू येते. मी म्हटलं, "गुरुजी, टायर दाखवा." ते म्हणाले, "अहो, गाडी हाय तर आवाज येनारच." विज्ञानाचा मास्तर. पोरांचं काय होत असेल देव जाणे.

तरी या सगळ्यांना शिव्या द्यायचा हक्क मला नाही. काऊन नाही, ते आता सांगतो.

प्लाटूनमध्ये बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोघंच. मी आणि नायक सुखदेव, साखरखेर्ड्याचा. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो आणि तो मला बे. परल्हाद म्हणून हाक फक्त रागात यायची. दोघंही ड्रायव्हर. सुभेदार साहेबांनी आमची जोडी लावून दिली होती, सात नंबरच्या लॉरीवर. आमचा आपसात ठराव होता, चढ माझा, उतार त्याचा. उतार अवघड असतो आणि तो माझ्यापेक्षा चांगला ड्रायव्हर होता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

केबिनमध्ये आम्ही वऱ्हाडी बोलायचो. बाकी प्लाटून हसायची, म्हणायची हे दोघं भांडतात. आम्ही भांडत नव्हतो, आमची भाषाच तशी आहे. सुखदेवला रिटायरमेंटला चार महिने राहिले होते. त्याचा बेत पक्का होता. एक सेकंडहँड जीप घ्यायची, काळी-पिवळी करायची, आणि साखरखेर्डा-मेहकर पॅसेंजर मारायचे. सीट कव्हर कोणत्या रंगाचं, हेही ठरलं होतं.

"हिरवं घेतो," तो म्हणायचा.

"हिरव्यावर मळ दिसते भाऊ."

"दिसू दे. मले फौजेचा रंग पायजे."

"अन् पहिला किलोमीटर पॅसेंजरला चूप बसवशीन?"

"बसवीन ना. न बसला तर उतरवून देईन."

तो खरंच उतरवून देणारा माणूस होता.

ऑक्टोबरची अखेर होती. वर हवामान बिघडत होतं आणि रस्ता कधीही बंद होणार होता. बारा लॉऱ्यांचा कॉन्व्हॉय निघाला. पुढे जिप्सीत कॅप्टन साहेब, सगळ्यात मागे रिकव्हरी गाडी. मधे आमच्या लॉरीत रेडिओ सेट. माल केरोसीन आणि पिठाची पोती. पाचला फर्स्ट परेड झाली. साडेपाचला निघालो. पहिला किलोमीटर काच खाली. लेफ्ट ओके, राइट ओके.

सव्वानऊला एका सपाट जागी हॉल्ट झाला. हॉल्ट परेड केली. डावी बाजू सुखदेवनं पाहिली, उजवी मी. तो हाताची पाठ चाकाच्या मधल्या हबला लावायचा, गरम आहे का ते पाहायला, आणि तळवा टायरवरून फिरवायचा, आतल्या बाजूनंसुद्धा. आतली बाजू दिसत नाही, तिथे हात घालून, बाही काळी करूनच कळतं. त्यानं ते केलं. सगळं ठीक होतं. नऊ पस्तीसला निघालो. काच खाली, तोंड बंद, लेफ्ट ओके, राइट ओके.

त्यानंतर एक नाला लागला. पाणी गुडघ्याच्या खाली, तळाला गोटे. नाला पार करताना डाव्या पुढच्या चाकाखाली ठक असा आवाज झाला आणि गाडी एकदा उसळली. असं रोज व्हायचं. नाल्यापलीकडे दोन किलोमीटर रस्ता नव्हताच, नुसता चिखल. त्यातून गाडी काढली आणि पक्क्या रस्त्यावर आलो. दहाला पाच कमी होते. तेव्हा आवाज सुरू झाला.

थप. थप. थप. थप.

सुखदेवनं बिडी बाहेर टाकली आणि काच खाली केली. सवय. डोकं बाहेर काढून ऐकलं.

"डावीकून येऊन राह्यला बे," तो म्हणाला. "उतरून पाहू का?"

आता नीट समजून घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात शेतातून गाडी काढली की काळी माती, आमच्या भाषेत गारा, टायरला अशी बसते की चाक दुप्पट होतं. डांबरावर आलं की ती माती थप-थप वाजते, ढेकळं उडतात, आणि किलोमीटर-दोन किलोमीटरात चाक मोकळं होतं. बैलगाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांचं तेच. हा आवाज आम्ही आईच्या कडेवर बसून ऐकलेला. या आवाजाला आमच्या जिल्ह्यात कोणी उतरत नाही. उतरला तर मागचे हसतात.

मी म्हणालो, "काऊन उतरतं थंडीत? गारा हाय. झडते आपोआप."

सुखदेवनं डोकं आत घेतलं. मग म्हणाला, "हाव. गारा असंन."

"काच वर कर भाऊ. हात गारठून राह्यले माझे."

त्यानं काच वर केली. त्याच्या जागी पंजाबी असता, गढवाली असता, तर त्याला तो आवाज ओळखीचा वाटला नसता आणि तो खाली उतरला असता. सुखदेव माझ्या मुलखाचा होता, म्हणून त्याला माझं पटलं.

आणि मला कळायला हवं होतं. ही काळी माती नव्हती. तिथला चिखल रेताड, तो चिकटून राहत नाही, पहिल्या शंभर मीटरमध्ये गळून जातो. मातीचा आवाज मडगार्डवर वाजतो, जागा बदलतो, कमी-कमी होत जातो. हा एकाच जागी वाजत होता आणि वाढत होता. शिवाय तो स्टिअरिंगमध्ये येत होता. पंचवीसच्या वेगाला स्टिअरिंग माझ्या तळव्यात हलत होतं. नाल्यात ठक झालं तेव्हाच टायरच्या आतले धागे तुटले होते. आतल्या बाजूनं फुगा येत होता. माझे कान सांगत होते, हात सांगत होते. मी दोघांचं ऐकलं नाही, कारण मला वाटत होतं, मला हे माहीत आहे.

दहा वाजता रेडिओ वाजला.

"सात नंबर, गैप बढ़ रहा है। क्लोज़ अप। ओवर।"

"सात नंबर, रॉजर। ओवर।"

मला एवढंच म्हणायचं होतं, सात नंबर, हॉल्ट, टायर चेक, ओवर. कॅप्टन साहेबांनी नाही म्हटलं नसतं. सुभेदार साहेबांच्या प्लाटूनमध्ये टायर चेकला कोणीच नाही म्हणत नसे. मी ॲक्सिलरेटर दाबला.

दहा वाजून चार मिनिटांनी डावं वळण होतं. डावीकडे दरी, कडेला दगडी कठडा. पुढचं डावं टायर वळणावर फुटलं. स्टिअरिंग माझ्या हातातून सुटलं. लॉरी डावीकडे ओढली गेली, कठड्यावर आदळली, डावं पुढचं चाक कठड्यापलीकडे गेलं आणि तिथेच गाडी अडकली. केबिनची डावी बाजू आत आली. मला कपाळावर चार टाके पडले. उजवी बाजू शाबूत होती.

सुखदेवचे पाय डॅशबोर्डखाली दबले होते आणि पोटावर दरवाजा आला होता. रक्त फारसं दिसत नव्हतं. त्याचं लक्ष गाडीवर होतं.

"हँडब्रेक ओढला का बे?"

"हाव भाऊ."

"केरोशीन सांडून राह्यलं का?"

"नाई."

"मंग ठीक हाय."

एवढंच तो बोलला. रिकव्हरीवाल्यांनी दरवाजा कापायला चाळीस मिनिटं घेतली. मी त्याचा हात धरून होतो. त्याच्या बाहीला टायरचं काळं लागलेलं होतं, सकाळच्या हॉल्ट परेडचं. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता. त्या चाळीस मिनिटांत त्यानं गाऱ्याचं नाव काढलं नाही. काढायला पाहिजे होतं. मला शिवी द्यायला पाहिजे होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तीन अधिकारी, एक टेबल, एक टाइप करणारा क्लार्क. प्रश्न सरळ होते. टायरची तपासणी कधी झाली? सव्वानऊला. कोणी केली? नायक सुखदेवनं, डाव्या बाजूची. ठीक होती? हो. मग मेजर साहेबांनी विचारलं, "टायर फटने से पहले कोई आवाज़?"

मी म्हणालो, "नहीं साहब."

क्लार्कनं टाइप केलं. मी सही केली. मेकॅनिकल फेल्युअर, दोष कोणाचाही नाही. सुखदेवच्या घरच्यांना जे मिळायचं ते सगळं मिळालं. हो म्हटलं असतं तरी ते मिळालंच असतं. तो ड्यूटीवर होता आणि त्याचा काही दोष नव्हता. तेव्हा मी त्याच्या घरासाठी खोटं बोललो असं कोणी समजू नये. मी माझ्यासाठी बोललो. माझी पेन्शन, माझ्या बाहीवरच्या फिती, माझं लायसन.

संध्याकाळी सुभेदार साहेब माझ्या तंबूत आले. बसले नाहीत.

"पहला किलोमीटर था?"

"नहीं साहब. पाँचवाँ-छठा होगा."

"कान किलोमीटर नहीं गिनता," ते म्हणाले आणि गेले.

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. माझी गाडीही काढून घेतली नाही. काढून घेतली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर नऊ वर्षं मी गाडी चालवली, एकही अपघात केला नाही, आणि हवालदार होऊन जानेफळला आलो. आता पंधरा ऑगस्टला शाळेत मला पुढच्या खुर्चीत बसवतात. शाल देतात, नारळ देतात. ते विज्ञानाचे मास्तर माईकवर सांगतात, यांनी देशासाठी जीव धोक्यात घातला. मी कुणाचा जीव धोक्यात घातला ते त्यांना ठाऊक नाही. शालीखाली माझ्यासारखा भित्रा माणूस बसला आहे हे एकाही पोराला दिसत नाही. टाळ्या मात्र सगळे वाजवतात.

दरवर्षी सुखदेव गेला त्या तारखेला मी साखरखेर्ड्याला जातो. वहिनी पुरणाचं करतात. भिंतीवर त्याचा युनिफॉर्ममधला फोटो आहे. त्याचा मुलगा विलास आता पस्तिशीचा. बापाचा बेत त्यानं पुरा केला. काळी-पिवळीचे दिवस गेले, म्हणून त्यानं सेकंडहँड सात सीटची गाडी घेतली आणि भाड्यानं चालवतो. सीट कव्हर हिरवं आहे. हिरवं घे म्हणून कोणी सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी त्या दिवशी तो मला घ्यायला जानेफळला आला. वहिनींचे डोळे मेहकरला दाखवून तो आला होता, त्याही बरोबर होत्या, मागच्या सीटवर. मी पुढे, डाव्या बाजूला. अवकाळी पाऊस होऊन गेला होता. एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून गाडी शेतातल्या वळणरस्त्यानं काढावी लागली. सगळी काळी माती. तिथून डांबरावर आलो आणि आवाज सुरू झाला.

थप. थप. थप.

मी म्हणालो, "विलास, आवाज येऊन राह्यला."

"गारा हाय काका," तो म्हणाला. "झडते आपोआप." आणि त्यानं गाणं मोठं केलं.

"थांबव."

"पुढं पंपावर थांबतो ना."

"गाडी थांबव म्हनलं मी तुले."

माझा आवाज परेडचा निघाला असावा. त्यानं गाडी बाजूला घेतली. मी उतरलो. विलास खाली आला, तोंडावर नाराजी. मी गुडघे टेकून बसलो, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला आणि तळवा सगळीकडून फिरवला. मग चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन माती खरवडली, पुन्हा हात फिरवला. चारही चाकं पाहिली. फुगा नव्हता, कट नव्हता. गारा होता, नुसता गारा, आपल्याकडचा काळा.

"म्हनलं होतं ना काका," विलास हसून म्हणाला. "फुकट कपडे खराब केले."

घड्याळ पाहिलं. चार मिनिटं लागली होती. तेव्हाही चारच लागली असती. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. विलासला वाटलं मला चक्कर आली. तो पाण्याची बाटली घेऊन आला. वहिनी काच खाली करून विचारू लागल्या, "काय झालं हो भाऊजी?"

मी सांगितलं. नाला, ठक, चिखल, आवाज. "तुह्या बापानं मले इचारलं होतं, उतरून पाहू का. मी म्हनलो, गारा हाय, झडते आपोआप. त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला. मंग कोर्टात मी लिहून देल्लं, की आवाज नव्हता."

विलासनं बाटलीचं झाकण लावलं. एक ट्रॅक्टर गेला, त्याचीही चाकं वाजत होती.

मग वहिनी म्हणाल्या, "तुमी दरसाली येता. मले वाटे, दोस्तीपायी येता."

या बाईनं मला शिवी दिली असती तर मी ती घरी नेली असती आणि जपून ठेवली असती. त्यांनी एवढंच म्हटलं आणि काच वर केली. आम्ही साखरखेर्ड्याला गेलो. त्यांनी ताट वाढलं. मी जेवलो. लाज असलेला माणूस जेवला नसता. संध्याकाळी विलासनं मला एसटीत बसवून दिलं.

या वर्षी त्याचा फोन आला नाही. येणारच नव्हता. मी सकाळच्या एसटीनं निघालो, हात हलवत परत यायची तयारी ठेवूनच. घराशी पोचलो तेव्हा विलास अंगणात गाडीपाशी गुडघ्यावर बसला होता. त्याचं भाडं होतं, पॅसेंजर ओट्यावर थांबले होते. त्यानं मला पाहिलं, उठला नाही, या म्हणाला नाही. त्याचा हात पुढच्या डाव्या चाकाच्या आत होता आणि बाही कोपरापर्यंत काळी झाली होती.

मी फाटकातच उभा राहिलो.

थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, त्यानं विचारलं, "काका, हाताची पाठ लावा लागते, का तळवा?"

"हबले पाठ," मी म्हणालो. "टायरले तळवा. अन् निघाल्यावर पहिला किलोमीटर काच खाली."

"अन् पॅसेंजर बोलले तर?"

"उतरवून द्यायचे. तुह्या बापाचा हुकूम हाय."

तो ओट्यावरच्या पॅसेंजरकडे वळला आणि त्यांना ते सांगितलं. एकजण हसला. विलास हसला नाही. गाडी फाटकातून गेली तेव्हा चारही काचा खाली होत्या. वहिनींनी आतून विचारलं, "भाऊजी, हात धुता का?" मी हात धुतले आणि फोटोपुढे जाऊन उभा राहिलो.

आता फक्त एक दुरुस्ती राहिली. ती कोर्टाच्या कागदात होणार नाही, म्हणून इथे करतो.

नायक सुखदेव, गाव साखरखेर्डा, को-ड्रायव्हर, गाडी नंबर सात. नऊ पंचावन्नला त्यानं डावीकडून येणारा आवाज ऐकला, कळवला, आणि उतरून पाहायची परवानगी मागितली. मी दिली नाही. आवाज येत होता, साहेब. नऊ मिनिटं येत होता.